समोरच्या उमेदवाराला पाठिंबा देताना: नागपूरच्या लोकप्रतिनिधींसाठी

आधी तुमच्याकडे नेमके कोणते पद आहे ते पाहा. शहर कार्यकारिणीत किंवा बूथवर काम करत असाल तर पक्ष निलंबित करेल, फार तर हकालपट्टी करेल. पण चिन्हावर निवडून आलेले नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार असाल तर निवडून आलेले पदच जाऊ शकते. आमदाराला राज्यघटनेची दहावी अनुसूची (पक्षांतरबंदी कायदा) लागू होते, महापालिका आणि जिल्हा परिषदेत 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (अपात्रता) कायदा.

बहुतेक जण इथे फसतात: ‘व्हिप निघालाच नाही, मग भीती कसली?’ व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षादेश, सभागृहातल्या मतदानापुरता असतो. ‘स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणे’ हे अपात्रतेचे वेगळे कारण आहे आणि त्याला लेखी राजीनामा लागत नाही. वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये रवी नाईक प्रकरणात सांगितले. 2017 मध्ये जदयूचे खासदार शरद यादव पाटण्याच्या विरोधकांच्या सभेला गेले आणि डिसेंबरात राज्यसभेतून अपात्र ठरले. कस्तुरचंद पार्कवर विरोधी उमेदवाराचा हात धरून उंचावलेला फोटो असाच तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

म्हणून क्रम चुकवू नका. पहिला राजीनामा निवडून आलेल्या पदाचा. आमदाराने तो विधानसभा अध्यक्षांना द्यायचा. प्रदेशाध्यक्षांना पाठवलेल्या पत्राने आमदारकी सुटत नाही. मजकूर एका ओळीचा ठेवा, कारणे आणि अटी घालू नका, पोच घ्या. मग पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा, आणि त्यानंतरच पत्रकार परिषद. नाना पटोलेंनी डिसेंबर 2017 मध्ये आधी खासदारकी सोडली, नंतर काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि 2019 मध्ये नागपुरात गडकरींविरुद्ध लढले. आधी सभा आणि नंतर राजीनामा केलात तर आधीच्या कृतीबद्दलची अपात्रता पुसली जात नाही, हे कर्नाटकच्या आमदारांच्या प्रकरणात 2019 मध्ये स्पष्ट झाले. ज्या चिन्हावर मते मागितली ते सोडताना जागाही परत करणे मतदारांशी सरळ वागणे आहे, असे आम्हाला वाटते.

विधान परिषदेची स्थानिक प्राधिकारी निवडणूक, जिथे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात, ती निराळी, कारण मतदान गुप्त असते. डिसेंबर 2021 मध्ये नागपुरात काँग्रेसनेच ऐनवेळी आपले उमेदवार रवींद्र भोयर यांना सोडून अपक्ष मंगेश देशमुख यांना पाठिंबा दिला. निकाल: भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे 362, देशमुख 186, भोयर 1. मतपत्रिकेवर केंद्रात दिलेल्याच पेनने पसंतीचा आकडा लिहा. दुसऱ्या पेनने लिहिलेले मत बाद होते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते. दुसऱ्याला दाखवली की मत बाद.

महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात ‘पाठिंबा’ एवढेच बोलून भागत नाही. अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या जागेसाठी, ते पत्रकात आणि भाषणात उमेदवाराच्या नावासह सांगा, नाहीतर तुमचे लोक चारही बटणे जुन्या सवयीने दाबतील.

खर्चाचेही जपा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी सभा, पत्रके किंवा जाहिरातीवर पैसे खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. परवानगीचे पत्र आधी घ्या, बिले उमेदवाराच्या खर्च प्रतिनिधीकडे द्या. विधानसभा-लोकसभेच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेला हवाच.