काच सफाईच्या व्यवसायात तरुण मुले टिकवावीत कशी?

खिडक्यांच्या सफाईच्या व्यवसायात मालक आणि काम क्वचितच एका जागी असतात. पुण्यात बाणेरच्या एखाद्या सोसायटीत सातव्या मजल्यावर दोन मुले काम करत असतात, त्याच वेळी मालक खराडीत नवीन कामाचा अंदाज द्यायला गेलेला असतो. मुलांनी सरकत्या खिडकीच्या खाचेतली माती ब्रशने उकरून काढली की वरवर ओले फडके फिरवले, हे त्याला दिसत नाही. ग्राहकालाही ते पहिल्या पावसाचे पाणी खाचेत तुंबले म्हणजे कळते. म्हणून कोणी पाहत नसताना मुलगा काम नीट करील आणि चूक झाली तर स्वतःहून फोन करील, अशी घडी बसवणे हेच या धंद्यातले मुख्य व्यवस्थापन आहे, आणि मुले निवडणे, शिकवणे, पगार देणे, सुट्ट्या देणे यांतला प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घासून पाहावा. पुढचे विवेचन पाच-सहा, फार तर दहा जणांचा व्यवसाय समोर ठेवून केले आहे.

माणूस निवडताना

माझ्याकडे आलेली बहुतेक मुले लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा या बाजूची. नऱ्हे-आंबेगावात किंवा पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारी, कोणी पोलीस भरतीची तयारी करणारा, कोणी मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करणारा. खिडक्या पुसण्यात आयुष्य काढायचे म्हणून यांतला एकही आलेला नसतो, आणि मालकाने तशी अपेक्षा धरली तर पहिल्या महिन्यातच दोघांचाही विरस होतो. त्याऐवजी सुरुवातीलाच सरळ विचारावे: पुण्यात किती दिवस राहणार, परीक्षा कोणत्या महिन्यात, पहाटे मैदानावर धावायला जातोस का, आणि सोयाबीन काढायला गावी जावे लागते का? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण सोयाबीनची काढणी आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईची झुंबड जवळपास एकाच वेळी येतात, आणि ऐन ऑक्टोबरात निम्मी मुले गावी गेल्यावर डोक्याला हात लावून बसण्यापेक्षा जूनमध्येच पाळ्या ठरवून ठेवलेल्या बऱ्या.

वयाचा दाखला पाहिल्याशिवाय कोणालाही कामावर घेऊ नये. 14 वर्षांखालील मुलांना कामाला ठेवणे गुन्हा आहे आणि 14 ते 18 या वयात धोकादायक कामांवर कायद्याने बंदी आहे. उंचीवरच्या खिडक्यांचे काम घेणाऱ्या मालकाने तर 18 पूर्ण झाल्याशिवाय कोणी नको, असा सरळ नियमच ठेवावा. पोलीस पडताळणी करून घ्यावी, आणि ती संशयापोटी नसून पुढे कोणी आळ घेतला तर त्याच्याच उपयोगी पडेल म्हणून आहे, हे मुलाला समजावून सांगावे. एक दिवस जुन्या जोडीदाराबरोबर पाठवावे व त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यावा. काहींना उंचीची भीती वाटते. ती चेष्टेचा विषय होऊ न देता अशा मुलाला दुकानांच्या दर्शनी काचांवर ठेवावे.

हात बसवणे

नव्या मुलाला वायपर हातात देऊन "त्याचे बघून कर" असे सांगणे हा सर्वत्र चालणारा आणि सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. बघून शिकलेला मुलगा कृती शिकतो, कारण शिकत नाही; आणि कारण माहीत नसले की घाईच्या वेळी तो नेमका महत्त्वाचा भाग गाळतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ का काढायची, तर बांधकामांच्या आसपासच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ओल्या फडक्याखाली तेच काचेवर ओरखडे पाडतात. वायपर वरून खाली ओढताना दर पट्ट्यानंतर रबर का पुसायचे, तर त्यावरचे मळके पाणी पुढच्या पट्ट्यात उतरते. काचेवर सतत एकाच जागी रेघ उमटत असेल तर काच पुन्हा पुन्हा घासण्याऐवजी रबराची धार बोटाने तपासायची, कारण तिथे बारीक खाच पडलेली असते.

टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याने पडलेले पांढरे डाग हा पुण्यातला वेगळा धडा आहे. ते क्षार साबणाने जात नाहीत, सौम्य आम्लयुक्त द्रावण लागते. पण तेच द्रावण अॅल्युमिनियमच्या चौकटीवर किंवा संगमरवरी कट्ट्यावर सांडले तर कायमचा डाग पडतो, आणि ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही माहिती बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिकटवावी. रंगाचे थेंब काढण्याचे पाते कोरड्या काचेवर कधीही चालवायचे नाही, आणि टफन्ड म्हणजे कडक बनवलेल्या काचेवर किंवा फिल्म लावलेल्या काचेवर मालकाला विचारल्याशिवाय मुळीच नाही.

प्रत्येकाला स्वतःचा वायपर द्यावा आणि दांड्यावर त्याचे नाव घालावे. सामाईक पेटीतला वायपर कोणाचाच नसतो, म्हणून त्याचे रबर कोणी बदलत नाही; नावाचा वायपर मुले कापडात गुंडाळून ठेवू लागतात, हे मी पाहिले आहे. हात बसल्यावर त्याच मुलाला पुढच्या नव्या मुलाचा शिक्षक करावे आणि त्याबद्दल महिन्याला ठरावीक रक्कम वाढवून द्यावी. छोट्या व्यवसायात चढायला पायऱ्या फार नसतात, तेव्हा ज्या दोन-तीन आहेत त्या खऱ्या असाव्यात: शिकाऊ, स्वतंत्रपणे काम करणारा, आणि ग्राहकाशी बोलून कामाचा अंदाज देणारा.

पैशाचा व्यवहार

खिडकीमागे दर लावण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो केला आणि सोडला. खिडक्या मोजून पैसे मिळू लागले की काचा चमकतात, पण खाचा, जाळ्या आणि ग्रिलमागचे कोपरे तसेच राहतात, आणि घाईत मुले कठड्यावर चढू लागतात. महिन्याचा निश्चित पगार ठेवावा, तो किमान वेतनाच्या दरापेक्षा कमी नसावा, आणि त्यावर जोडीला मिळून बक्षीस द्यावे: काम झाल्यापासून तीन दिवसांत ग्राहकाने पुन्हा बोलावले नाही तर त्या कामामागे ठरलेली रक्कम दोघांत समान. बक्षीस जोडीचे असल्यामुळे एकाने राखलेली कसर दुसराच दाखवून देतो. मालकाची नजर जिथे पोहोचत नाही, तिथे सोबत्याची पोहोचते.

पगाराची तारीख पाळावी. मेसचे आगाऊ पैसे आणि कॉटचे भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते, म्हणून पगार पाच तारखेच्या आत खात्यात जमा व्हावा. "पार्टीकडून पैसे आले की देतो" हे वाक्य मुलाने दोनदा ऐकले की तिसऱ्या वेळी तो दुसरीकडे चौकशी करू लागतो. उचल, खाडे आणि जादा काम यांची नोंद एकाच वहीत ठेवून दर शनिवारी मुलाला दाखवावी आणि त्याची सही घ्यावी. जादा वेळेचा मोबदला कायद्याने दुप्पट आहे. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरावा. सकाळी बालेवाडी आणि दुपारी हडपसर अशी आखणी केली तर चूक आखणीची आहे, तिचा भुर्दंड मुलाने सोसू नये.

पावसाळ्यात बाहेरच्या काचांचे काम उतरते. जून ते सप्टेंबर मुलांना बिनपगारी घरी बसवले तर दिवाळीत ती परत येतीलच, याची खात्री राहत नाही. या महिन्यांत कार्यालयांच्या आतल्या काचेच्या भिंती, दुकानांच्या काचा, पंखे-जाळ्यांची सफाई अशी कामे कमी नफ्यावर घ्यावीत, शिकवणी उरकावी, आणि परीक्षांसाठी सुट्ट्या याच काळात मोकळ्या हाताने द्याव्यात. ढोल-ताशा पथकातल्या मुलांना संध्याकाळी सरावाला वेळेवर सोडावे आणि अनंत चतुर्दशीला कामच ठेवू नये. त्या दिवशी मध्यवर्ती पुण्यात बादली घेऊन जाणार तरी कुठून?

विम्याकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. दहा किंवा अधिक कामगार झाले की ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) नोंदणी लागते. त्याहून कमी असतील तरी कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते, म्हणून कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्यावा. शिवाय प्रत्येकाच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्यावी. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि ते 20 रुपये मालकाने भरायला कोणाची हरकत नसावी.

"हे मी करणार नाही" म्हणण्याची मुभा

या कामातला सर्वांत मोठा धोका दोरीवर लोंबकळणाऱ्या माणसाला असतो असे लोकांना वाटते, पण छोट्या व्यवसायात खरी भीती सदनिकेतल्या साध्या खिडकीची असते. ग्राहक म्हणतात, "अरे, जरा बाहेर पाय टाक, छज्जा भक्कम आहे, मागच्या वेळचा मुलगा टाकायचा." वीस वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, आणि आपण भित्रे ठरू ही लाजही असते. म्हणून नियम मालकाच्या नावाने असावा व तो कामाच्या पावतीवर छापलेला असावा: आमचा कामगार खिडकीच्या चौकटीबाहेर शरीर नेणार नाही, जिथे लांब काठीचा वायपर पोहोचत नाही ती काच सोडली जाईल आणि तिचे पैसे घेतले जाणार नाहीत. मुलाने एवढेच म्हणावे, "काका, सरांना फोन लावून देतो." त्यानंतर बोलणे मालकाचे काम. अशा वेळी मालकाने एकदा जरी ग्राहकाच्या बाजूने "कर रे पटकन" म्हटले, तर छापलेल्या नियमाची किंमत शून्य होते, आणि मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत पोहोचलेली असते.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून दोरीवर लोंबकळून पुसण्याचे काम आपण घेऊच नये. ते प्रशिक्षित चमूकडे सोपवावे. शिडी लावताना दर चार फूट उंचीमागे पाया भिंतीपासून एक फूट बाहेर हवा आणि खाली धरणारा हवाच. उंचीवर असताना रील काढण्यास सक्त मनाई असावी, मात्र काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे छायाचित्र ग्रुपवर टाकायला उत्तेजन द्यावे. मुलांना ते आवडते आणि मालकाला खाचा आयत्याच पाहायला मिळतात.

उन्हाळ्यात दुपारी एक ते चार काम ठेवू नये. पश्चिमेच्या काचेवरचे साबणाचे पाणी वायपर फिरण्याआधीच वाळते, मुले उन्हाने थकतात, आणि त्या वेळेत पुण्यातल्या घराची घंटा वाजवली तर ग्राहकाचा पारा मुले घरात शिरण्याआधीच चढलेला असतो.

चूक आणि आळ

फुटलेल्या वस्तूचे पैसे पगारातून कापायचे ठरवले की वस्तू फुटायच्या थांबत नाहीत. त्या पडद्यामागे लपवल्या जाऊ लागतात. ज्याने त्याच दिवशी स्वतःहून सांगितले त्याच्याकडून काही कापले जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि पहिल्याच नुकसानीला पाळून दाखवावा. कायद्यानेही नुकसानीपोटी कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर मुलाला दोष देण्याआधी आपण शिकवण्यात काय सोडले ते पाहावे. काम सुरू होण्यापूर्वी काचेवरचे जुने ओरखडे ग्राहकाला दाखवून छायाचित्र घेण्याची सवय लावली, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

चोरीचा आळ मात्र वेगळा. त्याने मुलगा कायमचा दुखावतो. कोथरूडमधल्या एका घरातून चांदीचे निरांजन गेल्याचा फोन मला आला आणि मी घाबरून मुलांना ग्राहकासमोरच पिशव्या उघडायला लावल्या. निरांजन दोन दिवसांनी सापडले. आम्हीच आदल्या दिवशी "मौल्यवान वस्तू आवरून ठेवा" असे कळवले होते, त्यामुळे घरच्यांनीच ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले होते. ग्राहकाने दिलगिरी व्यक्त केली, मीही केली, पण त्या दोघांपैकी एक मुलगा पुढच्या महिन्यात सोडून गेला. तेव्हापासून असा फोन आला की मी स्वतः जातो, मुलांना बाजूला घेऊन विचारतो, आणि झडती घ्यायची असेल तर पोलिसांना बोलावण्याचा मार्ग ग्राहकाला मोकळा आहे असे नम्रपणे सांगतो. कामावर नेहमी दोघांनी जावे आणि घरातले कोणीतरी हजर असावे, हे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. मुली काम करत असतील तर ही जोडीची अट कोणत्याही कारणाने शिथिल करू नये, आणि एखाद्या घरी पुन्हा जायचे नाही असे मुलीने सांगितले तर तिच्याकडे कारणाचा आग्रह न धरता ते काम सोडावे.

रागवायचे असेल तर एकट्याला बोलवून रागवावे. कौतुक नेमके असावे: "छान काम" म्हटल्याने मुलाला काही कळत नाही, "मागच्या बाल्कनीच्या जाळीचा वरचा कोपरासुद्धा तू सोडला नाहीस" म्हटल्याने पुढच्या घरीही तो कोपरा पुसला जातो.

जाणाऱ्याला निरोप

भरती लागली, पदवी झाली, गावी लग्न ठरले, म्हणून मुले जातातच. राहिलेला पगार अडवून त्यांना थांबवण्याचा प्रयत्न करू नये. दोन दिवसांत हिशेब पुरा करून अनुभवाचा दाखला द्यावा. एखादा स्वतःचा व्यवसाय सुरू करून दोन-चार ग्राहकही नेतो, त्याचे वाईट वाटते, पण त्याच्याकडे जास्तीचे काम आले की तो पहिला फोन आपल्यालाच करतो. जुन्या मुलांचे क्रमांक वेगळ्या यादीत ठेवावेत आणि घटस्थापनेच्या सुमारास त्यांना विचारावे, कारण दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत चार पैसे जास्त मिळवायला त्यांतले दोन-तीन तरी मोकळे असतात आणि त्यांना काही शिकवावे लागत नाही. त्यांचे जुने, नावाचे वायपर तोवर टाकून देऊ नयेत; फक्त रबर नवे घालून ठेवावे.