अनोळखी भाजी पहिल्यांदा शिजवताना

माझं पहिलंवहिलं आर्टिचोक मी अख्खं उकडलं, उभं चिरलं आणि एक तुकडा सरळ तोंडात टाकला. मधला केसाळ भाग काढून टाकायचा असतो, हे घशाला कुसळं टोचल्यावर समजलं. पाककृती वाचली नव्हती, हा गुन्हा कबूल. पण चिरल्यावर दोन क्षण नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं. आर्टिचोक म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या एका काटेरी झाडाची न उमललेली कळी, आणि ते केस म्हणजे आतली अपुरी फुलं.

तेव्हापासून हंगामात काही नवं दिसलं की पाककृती शोधण्याआधी मी भाजीच उलटसुलट करून बघते. तो क्रम असा.

१. हा झाडाचा कुठला भाग?

मूळ, खोड, पान, कळी की फळ, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. पानं दोन-चार मिनिटांत बसतात. जाड देठ असतील तर ते वेगळे काढून आधी कढईत टाका, पानं मागून. मुळं आणि कंद वेळ खातात, म्हणून ते सारख्या आकाराचे चिरायचे, नाहीतर निम्मे गाळ आणि निम्मे कच्चे. रसदार फळभाजी पाणी सोडते, तेव्हा मोठी आच, पसरट भांडं आणि झाकण नको. मोठी कळी वाफेवर शिजते: आर्टिचोकला आकाराप्रमाणे ३० ते ४५ मिनिटं लागतात, आणि पाकळी ओढल्यावर सहज सुटून आली की झालं.

२. हिचे नातेवाईक कोण?

नवलकोल, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स या वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीच्या भाज्या. म्हणजे कोबी जमत असेल तर या सगळ्या जमतील. वाईट खोडही सगळ्यांची सारखीच: जास्त वेळ शिजल्या की घरभर गंधकाचा वास. बीट आणि चार्ड ही पालेभाजी हीसुद्धा एकच जात, त्यामुळे बीटची कोवळी पानं फेकू नका, पालकासारखी परता. सेलेरिॲक बाहेरून चिखलाचा गोळा वाटतो, पण आहे ती सेलेरीच, जमिनीलगत फुगलेली. सोलून बटाट्यासारखी उकडा. चिरलेल्या फोडी मात्र लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. आर्टिचोकचंही तेच.

३. चाखायच्या आधी थांबा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळायचे. नव्या भाजीचा कच्चा तुकडा तोंडात टाकायचा मोह होतोच, पण काही भाज्यांच्या बाबतीत तो महागात पडतो. अळूच्या पानांत आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून कच्चं अळू घसा खाजवतं. ते पूर्ण शिजवूनच खायचं. कसावाच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदातून सायनाइड तयार होऊ शकतं: सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात पुरता शिजवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. कडू जातींना याहून मोठी प्रक्रिया लागते, त्या घरी प्रयोगाला घेऊ नयेत. रुबार्बचे देठ खातात, पानं विषारी. राजमा भिजवल्यावर पाणी बदलून किमान १० मिनिटं खळखळ उकळायलाच हवा; मंद आचेच्या कुकरमध्ये तो थेट टाकू नका.

आणि दुधी, काकडी, झुकिनी यांतलं एखादं फळ अनपेक्षितपणे कडू लागलं, तर थुंकून टाका आणि उरलेलं फेका. तो कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो आणि शिजवून जात नाही. 'थोडी साखर घालू' हा विचारही नको. रानातली अळिंबी अंदाजाने ओळखायची तर नाहीच नाही.

४. एक फोड कापून बघा

नवलकोल घ्या. हिरवा, गुळगुळीत, चेंडूसारखा. साल काढली, काम झालं असं वाटतं. पण बुंध्याकडून आडवी चकती कापून उजेडात धरा: कडेला पांढुरक्या धाग्यांचं कडं दिसेल. ते सालीच्या आत असतं आणि कितीही शिजवा, चोथाच राहतो. म्हणून नवलकोल दोनदा सोलायचा, दुसऱ्यांदा सुरीने, बुंध्याकडे जरा जाड. सुरी कडं ओलांडून आत गेली की आवाज बदलतो, करकर थांबते आणि पातं सरळ घसरतं. तिथून पुढचं सगळं खायचं.

हंगामही असा कापल्यावरच कळतो. कोवळा मुळा घट्ट आणि रसाळ असतो, जून झालेला आतून भेंडाळतो. उलट गाजर आणि केल कडाक्याच्या थंडीनंतर जास्त गोड लागतात, कारण गारठ्यात झाड साखर वाढवतं. लीक (कांद्याच्या कुळातली लांब पातीची भाजी) असेल तर उभी चिरून थर वेगळे करून धुवा. माती थेट मधल्या पानांपर्यंत गेलेली असते.

५. तीन वाटण्या, फक्त मीठ-तेल

पहिल्याच दिवशी मसाला घालू नका. मसाल्याची चव तुम्हाला माहीतच आहे, भाजीची नाही. एक वाटणी कच्ची (तिसऱ्या पायरीतून सुटली असेल तरच), दुसरी वाफवलेली, तिसरी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये २५ ते ३५ मिनिटं भाजलेली. ट्रेमध्ये फोडी एकमेकींना चिकटू देऊ नका, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा चालतो.

बडीशेपेच्या गड्ड्यावर हे करून बघाच. कच्चा असताना करकरीत आणि वासाला इतका उग्र की काहीजण ताट सरकवतात. भाजल्यावर तोच मऊ, गोड आणि जवळजवळ बिनवासाचा. घरात कुणी 'मला ही भाजी नको' म्हणत असेल, तर कुठल्या वाटणीबद्दल म्हणतंय ते विचारा.

६. आंबट शेवटी

टोमॅटो, चिंच, लिंबू आधी घातलं तर कंद लवकर मऊ होत नाहीत आणि हिरव्या पानांचा रंग शेवाळी पडतो. भाजी शिजू द्या, गॅस बंद करा, मग पिळा.

७. चिठ्ठी लावा

पुढच्या वर्षी हंगाम येईपर्यंत यातलं काहीही लक्षात राहत नाही. म्हणून मी चार शब्द लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. सगळ्यात जुनी चिठ्ठी अजून तिथेच आहे, तेलाच्या डागासकट: 'आर्टिचोक. ४० मिनिटं. केस काढ.'