आजीच्या गोष्टीतली शकुंतला: तीन फूट बाय दोन फूट फळीवर छोटी रेल्वे कशी बांधावी

आमच्या आजीचं माहेर कारंज्याकडचं. तिच्या सगळ्या गोष्टींत शकुंतला, म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अरुंद रुळांची गाडी, असायचीच. त्यातली एक आम्ही दर उन्हाळ्यात सांगायला लावायचो. आजी सासरी निघाली, गाडी सुटली आणि शिदोरीचा डबा फलाटावरच राहिला. तिच्या मामानं डबा सायकलच्या हँडलला अडकवला आणि पांदणीनं दामटत पुढचं ठेसन गाठलं. "गाडी मांगं रायली अन् मामा मोहरं!" असं म्हणून आजी टाळी द्यायची.

मी रेल्वे बांधली ती या एका गोष्टीची, आणि तुम्हालाही हेच सांगेन: आधी गोष्ट निवडा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. ते १:८७ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान करायचं म्हटलं तरी रूळ १.३ किलोमीटर लागतील. पण एक ठेसन, एक पांदण, दोन वावरं आणि एक सायकल तीन फूट बाय दोन फुटांत आरामात मावतात. काय बांधायचं आणि काय गाळायचं, हे पुढं प्रत्येक पायरीवर गोष्टच सांगते.

प्रमाण ठरवा

शकुंतलेचे रूळ अडीच फूट अंतराचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ७६२ ला ८७ नं भागा, उत्तर येतं पावणेनऊच्या आसपास. बाजारात एन गेजचे (खेळण्यातल्या रेल्वेचं एक ठरलेलं माप) तयार रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात, त्यामुळे १:८७ प्रमाण आपल्याला जवळजवळ नेमकं बसतं. आता घरातली पट्टी घ्या आणि सगळं ८७ नं भागत चला. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटर, सहा फुटी दार २१ मिलिमीटर, चार फुटी पऱ्हाटी (कपाशीचं झाड) १४ मिलिमीटर. ही यादी फळीच्या कडेला चिकटवून ठेवा, काम करताना दहादा लागते.

फळी आणि रूळ

९० बाय ६० सेंटिमीटरची १२ मिलिमीटर प्लाय घ्या आणि खालून पट्ट्यांची चौकट मारा. पावसाळ्यात प्लाय वाकते, म्हणून दोन्ही बाजूंना ऑइल पेंटचा हात द्या. फळी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं रुळांखालचं प्लॅस्टिक वाकडं होतं.

नवख्या माणसानं काटो कंपनीचे खटकन जोडले जाणारे रूळ घ्यावेत. २४९ मिलिमीटर त्रिज्येचे, ४५ अंशांचे आठ वाकडे तुकडे आणि २४८ मिलिमीटरचे दोन सरळ तुकडे जोडले की दोन मीटरच्या थोडा वर घेराचा लांबट गोल होतो. तो या फळीवर बसतो आणि कडेला जागाही उरते. एक सांधा (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा तुकडा) जास्तीचा घेतला, तर जिनिंगच्या आवारात जाणारी बाजूची लाइन काढता येईल. ती काढाच असं मी म्हणेन, कारण किलिक निक्सन कंपनीनं ही रेल्वे बांधली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी.

वीज

लोडशेडिंगवर माझा उपाय घरातच सापडला: फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. तिच्या पुढं डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर जोडा आणि त्याच्या पुढं गाडी मागंपुढं नेण्यासाठी दोन बाजूंना पडणारा सहा पिनांचा स्विच; तिथून दोन वायरी दोन रुळांना. बॅटरीच्या प्लस वायरवर १ अँपिअरचा फ्यूज लावल्याशिवाय काहीही चालू करू नका. गाडी रुळावरून घसरली की बऱ्याचदा शॉर्ट होतो आणि ही बॅटरी वायर वितळवण्याइतका करंट देते. आणि पंपात ज्या दिवशी औषध भरलं असेल, त्या दिवशी बॅटरी काढण्याआधी हात आणि बॅटरी दोन्ही स्वच्छ करा.

इंजिन आणि डबे

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. मन वाफेच्या इंजिनाकडेच ओढ घेतं, पण पहिल्यांदा डिझेल करा. त्याचं अंग चौकोनी असतं, कार्डशीटमध्ये कापता येतं. ट्रामसाठी मिळणारी एन गेजची छोटी चासी (मोटर आणि चाकांचा तयार सांगाडा) मागवा आणि तिच्यावर २५–२६ मिलिमीटर रुंदीचं खोकं बसवा. खोक्याची लांबी फोटोवरून काढायची: फोटोतलं दार मोजा, ते २१ मिलिमीटर धरा आणि बाकी सगळं त्या हिशेबानं. डब्यांच्या खिडक्या रंग देण्याआधी कापून घ्या. गोष्टीत खिडकीतून हात बाहेर येतो, म्हणून मी एक खिडकी उघडी ठेवली आहे.

काळी माती

इथं घाई करू नका, या कामाचा जीव इथं आहे. रंगाच्या डब्यातला काळा रंग वापरू नका, वावरातलीच माती आणा. ती तव्यावर चांगली भाजा म्हणजे किडे आणि तणाचं बी मरतं. मग खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीनं चाळा. त्यानंतरची पायरी मी पहिल्या वेळी केली नाही आणि मोटर गमावली. आपली माती काळ्या खडकापासून झालेली, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. इंजिनातल्या मोटरला लोहचुंबक असतं, ते कण ओढून घेतं. दुसऱ्याच दिवशी माझं इंजिन कुरकुरलं आणि थांबलं. म्हणून चाळलेली माती कागदावर पसरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून तिच्यावरून फिरवा आणि पिशवीला काळी मिशी चिकटायची थांबेपर्यंत फिरवत राहा.

उन्हाळी वावर करायचं असेल तर मातीचा दाट चिखल चार मिलिमीटर जाड थापा आणि फॅनखाली सोडून द्या. सकाळी पाहाल तर तिला खऱ्या वावरासारख्या भेगा पडलेल्या असतील. त्या भेगांत पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडा, नाहीतर खपल्या सुटतात. पिकाच्या वावराला मात्र भेगा नकोत. तिथं आधी फेविकॉलचा हात, वर कोरडी माती भुरभुरा आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी फवारा. साबणामुळे पाणी मातीवर गोळा न होता आत मुरतं.

रुळांच्या कडेचं करडं प्लॅस्टिक चाळलेल्या मुरमानं झाका, त्यालाही लोहचुंबक दाखवूनच. रुळाच्या आतल्या कडेला आणि सांध्याच्या हलत्या भागाला गोंद लागू देऊ नका. स्लीपर अर्धे मुरमात बुडाले तरी हरकत नाही. शकुंतलेचे रूळ तसे गवतातूनच जायचे.

पऱ्हाटी, पळस, सायकल

पऱ्हाटीच्या ओळी एकेक सेंटिमीटर अंतरावर घ्या, म्हणजे खऱ्यातले जवळपास तीन फूट. ज्यूटच्या दोरीचे १४ मिलिमीटरचे तुकडे उभे चिकटवा, हिरवा रंग द्या, वर बारीक चुरलेला स्पंज. शेवटी घरच्या कापसाचा नखाएवढा पुंजका घ्या, चिमट्यानं त्यातले दोन-चार तंतू सुटे करा आणि बोंडाच्या जागी टेकवा. जास्त लावलात तर वावरावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. झाडांसाठी तुऱ्हाटीची (तुरीच्या वाळल्या काड्यांची) शेंड्याकडची टोकं उत्तम. पळस करायचा असेल तर पानं अजिबात लावू नका, नुसत्या काळपट काड्यांना केशरी लोकरीचा चुरा लावा.

सायकलला माझे तीन दिवस गेले. वायरमधली तांब्याची एक तार शिसपेन्सिलीवर गुंडाळून काढली की जवळजवळ आठ मिलिमीटरचं चाक मिळतं, खऱ्या सायकलीच्या प्रमाणात. दोन चाकं, तारेचाच त्रिकोण, सोल्डरचे पाच थेंब. हँडलला डबा अडकवायचा, तो मोहरीच्या दाण्याला चंदेरी रंग देऊन केला.

चालवणं

रूळ स्पिरिट लावलेल्या फडक्यानं पुसा, आपल्याकडे धूळ रोजचीच. मग वेग बसवा. गाडी ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालायची. १:८७ मध्ये तो वेग सेकंदाला सुमारे ६.४ सेंटिमीटर होतो, आणि आपला गोल दोन मीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे एका फेरीला ३२ सेकंद लागले पाहिजेत. मोबाइलवर वेळ लावून कंट्रोलरचं बटण फिरवत जा, ३२ सेकंद आले की तिथं रंगाचा ठिपका द्या. पोरं बटण पुरतं फिरवायला बघतात. त्यांना आधी गोष्ट सांगा, मग बटण हातात द्या.

सायकल पांदणीवर सरळ लाइनीच्या शेवटी, ठेसनाच्या दहा सेंटिमीटर आधी चिकटवा. गाडी वळणावरून येते तेव्हा ती सायकलच्या मागं असते. ठेसनात बटण एकदम बंद न करता हळूहळू शून्यावर आणा आणि उघड्या खिडकीचा डबा फलाटाच्या मधोमध थांबवा. शिदोरीचा डबा हातात देण्याइतका वेळ गाडी उभी राहू द्या.