पहिल्यांदा नगरसेवक झालात? आधी जुनी इतिवृत्तं मागा

निवडून आल्यावर पहिला आठवडा सत्कारात जातो. जाऊ द्या, लोकांनी मतं दिलीत, त्यांना आनंद साजरा करायचा असतो. त्यानंतर मात्र एक दिवस मोकळा काढा, नगरपरिषदेत जा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, म्हणजे सभेत काय ठरलं याच्या अधिकृत नोंदी, मागून घ्या. मी आधी नगरसेविका होते, पुढे थेट जनतेतून नगराध्यक्ष झाले. नगरपालिकेतला माणूस कागदावर टिकतो, हे माझं ठाम मत आहे.

इतिवृत्त वाचताना आपल्या प्रभागाचं नाव शोधत जा. ठराव मंजूर झाला, निधीही धरला गेला आणि काम तिथेच अडलं, अशी उदाहरणं हमखास सापडतात. ती कामं नव्याने मागत बसू नका. ठराव क्रमांक आणि तारीख घालून मुख्याधिकाऱ्यांना, म्हणजे नगरपरिषदेच्या प्रशासनप्रमुखांना, पत्र द्या: या ठरावावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली? पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. फोनवर सांगितलेल्या कामाची नोंद कुठेच राहत नाही.

सोबत महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मराठीतून वाचा. सगळा नाही जमला तरी सभा, समित्या, अंदाजपत्रक आणि अपात्रता एवढे भाग वाचाच. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, हे कायद्यातच आहे. सभा लांबत चालली तर हेच कलम दाखवून लेखी मागणी करता येते.

विषयपत्रिका घरी आली की प्रत्येक विषयाची टिपणी, म्हणजे त्या विषयाची माहिती देणारा कार्यालयाचा कागद, मागा. टिपणीशिवाय विषय म्हणजे नुसतं शीर्षक. खरी परीक्षा असते ‘आयत्या वेळचे विषय’, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले विषय, आले की. सभा संपत आलेली, सगळे उठायच्या बेतात, आणि त्यात एखादा मोठ्या खर्चाचा विषय वाचून ‘मंजूर’ म्हटलं जातं. तेव्हा उभं राहा आणि शांतपणे सांगा, ‘हा विषय पुढच्या सभेत टिपणीसह घ्यावा.’ ऐकलं नाही तर आपला विरोध नावानिशी नोंदवायला सांगा आणि तोच विरोध लेखीही द्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम होतं, तेव्हा आपलं म्हणणं जसंच्या तसं आलंय का ते तपासा. एकट्याचा विरोध वाया जातो असं मला अजिबात वाटत नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायला त्यांनी विरोध केला, तेव्हा ते एकटेच होते. तो विरोध आपल्याला आजही माहीत आहे.

अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर सभेपुढे येतं, पण तोवर आकडे बसलेले असतात. तुमची मागणी त्याआधीच, डिसेंबर-जानेवारीत, लेखी जायला हवी. मागताना पैसा कुठल्या लेखाशीर्षातला, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातला, आहे ते विचारा. 2021 ते 2026 या काळात 15 व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या, निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्यातून सभामंडप मागणारा रिकाम्या हाताने परत येणारच.

आता प्रत्यक्ष काम, आणि यासाठी गटारासारखी शिकवणारी दुसरी गोष्ट नाही. कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघाला की बांधकाम विभागातून एस्टिमेटची प्रत घ्या. खोदाई किती, खालच्या काँक्रीटची जाडी किती, उतार कुठून कुठे, हे अभियंत्याकडून समजून घ्या. तळाचं काँक्रीट पडणार त्या सकाळी टेप घेऊन जागेवर हजर राहा, कारण वरचं बांधकाम झालं की तो थर पुन्हा दिसत नाही. भिंती उभ्या राहिल्या की वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि त्याच्या बरोबरीने चालत जा. माझ्या प्रभागात पाणी तिसऱ्या घरासमोर थांबलं. तिथे गोल डबकं झालं आणि घरातल्या आजी म्हणाल्या, ‘बाई, इथेच डास होणार बघा.’ अभियंत्याला तिथेच बोलावलं, लेव्हल पुन्हा घेतली आणि तेवढा तुकडा फोडून नव्याने झाला. ठेकेदाराचं देयक (बिल) निघण्याआधी हे झालं म्हणून झालं. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन पैसे गेले की ठेकेदाराला परत आणणं फार जड जातं.

नगराध्यक्षपदावर पोहोचलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. तुम्ही थेट निवडून आलात तरी सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं असू शकतं. मतं समसमान झाली तर निर्णायक मत तुमचं, पण रोज तेवढ्यावर गाडी चालत नाही. विषयपत्रिका काढायच्या आधी विरोधी गटनेत्याला बोलावून घ्या, त्यांच्या प्रभागातली दोन कामं आपणहून आत घ्या. मुख्याधिकारी शासनाचे असतात, आज आहेत, उद्या बदली होईल. त्यांच्याशी मान राखून बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या. बहुमताच्या जोरावर बेकायदा ठराव रेटू नका. कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि त्यात चांगले विषयही रखडतात.

शेवटी स्वतःचं घर. नगरपरिषदेच्या ठेक्यात आपला हितसंबंध किंवा घराचं अनधिकृत बांधकाम यामुळे पद जाऊ शकतं, आणि बांधकाम नवऱ्याने किंवा बायकोने केलं असलं तरीही. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेत भरा, पावत्या जपा. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला एकाच फाईलमध्ये ठेवा. तक्रार झालीच तर सुनावणीत आधी तीच फाईल मागतात.