एकटे आहात, मूलबाळ नाही? मग मृत्युपत्र असं करा

"माझ्यामागे आहेच कोण, मी कशाला मृत्युपत्र करू" असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि खरं सांगू का, बायकामुलं असलेल्याचं एकवेळ त्याच्याशिवाय निभावतं, सिंगल माणसाचं नाही निभावत. तुम्ही काही लिहून ठेवलं नाही तर कायदा त्याच्या स्वतःच्या यादीने जातो आणि त्या यादीत तुमची जिवलग मैत्रीण, लिव्ह-इन पार्टनर, आजारपणात डबा आणून देणारी शेजारीण यांच्यापैकी कोणीही नाही.

यादी काय आहे ते आधी बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात (बौद्ध, जैन, शीख पण त्यातच) अविवाहित पुरुष गेला तर सगळं आईला, हो, वडिलांना पण नाही, आधी फक्त आईला. आई नसेल तर वडील, तेही नसतील तर भाऊ-बहीण समान. इथे गोम अशी की एखादा भाऊ तुमच्याआधी गेला असेल तर बाकीची भावंडं हयात असेपर्यंत त्याच्या मुलांना काहीच मिळत नाही, म्हणजे ज्या पुतणीच्या फिया तुम्ही भरल्यात ती कोरडी आणि ज्या भावाशी वीस वर्षं बोलणं नाही तो हिस्सेदार. अविवाहित बाईचं आईवडील दोघांकडे जातं आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. सगळ्यात वाईट परिस्थिती मूल नसलेल्या विधवेची. तिची स्वतःच्या पगारातली कमाईसुद्धा तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात अशीच केस होती, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, बाई माहेरी राहून शिकली, नोकरी केली, आणि तिच्या मागे तो पैसा गेला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. मृत्युपत्र असतं तर हा प्रश्नच आला नसता, त्यामुळे विधवा मावशी-आत्या असतील त्यांना हे आजच सांगा.

आता करायचं कसं. बहुतेक लोक कोणाला किती द्यायचं इथून सुरुवात करतात आणि अडकतात. माझं मत, आधी एक्झिक्युटर ठरवा, म्हणजे तुमच्या माघारी बँकेत, सोसायटीत, कोर्टात खेटे घालणारा माणूस. मुलं असलेल्यांकडे ते काम आपोआप मुलं करतात, आपल्याकडे कोणाला तरी विचारावं लागतं आणि विचारताना अवघडल्यासारखं होतं, पण विचाराच. आपल्या वयाचा मित्र नको, निदान दहा-पंधरा वर्षांनी लहान बघा, कागदपत्रांचा कंटाळा नसलेली भाची चालेल, तिला काही देणार असलात तरी ती एक्झिक्युटर होऊ शकते. आणि तिला जमलं नाही तर कोण, तेही दुसरं नाव लिहा.

हे "नाहीतर कोण" प्रत्येक ठिकाणी लिहायचंय. आपण देतो कोणाला, तर बहीण, भाऊ, मित्र, सगळे आपल्याच वयाचे, ते आपल्या आधीही जाऊ शकतात. तसं झालं तर ती देणगी साधारणपणे बाद होते, बहिणीच्या मुलांना आपोआप जात नाही. म्हणून असं लिहा, "माझा अमुक फ्लॅट माझी बहीण हिला मिळावा, ती माझ्या आधी मयत झाल्यास तिच्या दोन्ही मुलांना समान मिळावा." आणि शेवटी एक वाक्य हवंच, "वर उल्लेख न केलेली व यापुढे मी मिळवेन ती सर्व स्थावर-जंगम मालमत्ता अमुक यांना मिळावी." हे नसेल तर उद्या घेतलेली एफडी परत कायद्याच्या यादीत जाऊन पडते.

मग मालमत्तेची यादी. फ्लॅट, सातबारा, एफडी, डीमॅट, पीएफ, विमा, सोनं, गाडी, आणि कोणाला उसने दिलेले पैसे पण. वडिलोपार्जित असेल तर फक्त तुमचा हिस्सा देता येतो, आख्खा वाडा नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा, तिथे लफडी होतात.

"पण मी नॉमिनी टाकलाय की!" हे ऐकून ऐकून कान किटले. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे अगदी स्पष्ट सांगितलंय. विम्यात थोडा फरक आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच होतो, पण भाऊ, भाची किंवा मैत्रीण असेल तर त्यांनी तो घेऊन वारसाला द्यायचा, म्हणजे आपल्यासारख्यांना ती सवलत आईवडील असेपर्यंतच. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा.

कागद साधा चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, हाताने लिहा नाहीतर टाइप करा, मराठीत लिहा. सुरुवातीला नाव, वय, पत्ता, "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, समजून-उमजून करत आहे" आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" एवढं, तारीख घाला, प्रत्येक पानावर सही करा. दोन साक्षीदार हवेत, तुम्ही त्यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. ज्याला काही देताय त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदारपण तरुणच बघा, पंचवीस वर्षांनी कोर्टात बोलवायची वेळ आली तर ते असायला पाहिजेत ना. भावंडांना वगळणार असाल तर एका ओळीत कारण लिहा, शिव्या नकोत, "त्यांची परिस्थिती उत्तम आहे, म्हणून" एवढं पुरे. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की तुम्ही शुद्धीत होतात, कारण सिंगल म्हातारा किंवा म्हातारी म्हटलं की "कोणीतरी फूस लावून लिहून घेतलं" हा आरोप ठरलेलाच.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण करा. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली फी किरकोळ असते. म्हणजे नंतर हे खोटं आहे असं म्हणणाऱ्याला जरा जड जातं. नंतर बदलायचं असेल तर नवीन करा, शेवटचं असेल तेच चालतं, जुनं रजिस्टर केलेलं असलं तरी.

मुस्लिमांना साधारणपणे एक तृतीयांशाच्या वर वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही, ख्रिश्चन-पारशी असाल आणि नंतर, अगदी पन्नाशीत का होईना, लग्न केलंत तर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, आणि गोव्यात कायदाच वेगळा, तिथे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होतं आणि काही वारसांचा हिस्सा कायद्यानेच राखलेला असतो. त्यांनी आपापल्या वकिलाला गाठा.

कुत्रा-मांजर असेल तर त्याच्या नावाने पैसे ठेवता येत नाहीत, जो सांभाळणार त्याच्या नावाने ठेवा, पण आधी त्याला विचारून. देहदानाची इच्छा मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, ते उघडतात दिवसवार झाल्यावर. त्याचा फॉर्म मेडिकल कॉलेजमध्ये वेगळा भरा आणि जवळच्यांना तोंडी सांगून ठेवा. व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे पण यात येत नाही, त्यासाठी लिव्हिंग विल वेगळं करायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. सिंगल माणसाने मृत्युपत्राबरोबर हेही उरकावं, कारण आयसीयूच्या बाहेर निर्णय घ्यायला कोण उभं असेल ते तुम्हीच ठरवलेलं बरं.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच वारसाचे कागद मागतील. एक्झिक्युटरला जागा सांगा, झेरॉक्स द्या. कोणावरच भरवसा नसेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवायची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, त्याचा कागद वेगळा. आणि यादीतलं कोणी गेलं, फ्लॅट विकला, भाचीशी बिनसलं की परत काढून वाचा.