रोजच्या ऑफिससाठी मोटारसायकल: वेळेचा हिशोब, सामान, चेन आणि पाऊस

गर्दीच्या वेळी कारने एकाच रस्त्याला एखाद्या दिवशी पस्तीस मिनिटं लागतात, दुसऱ्या दिवशी सव्वा तास. मोटारसायकलच्या वेळेत एवढी तफावत सहसा पडत नाही. ती कमी जागेतून पुढे सरकते आणि पोचल्यावर पार्किंगसाठी चकरा माराव्या लागत नाहीत. किती वाजता निघालं की किती वाजता पोचणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, आणि नोकरदाराला वेगापेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

मात्र हिशोब घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंतचा करावा. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे चढवायला तीन-चार मिनिटं, गाडी लावून कुलूप घालायला दोन, वर जाऊन केस-कपडे ठीकठाक करायला पाच. गाडी न चालवता दहा-बारा मिनिटं अशीच जातात. ऑफिस दोन-तीन किलोमीटरवर असेल तर एवढ्या खटाटोपात सायकलच्या तुलनेत फारसं काही वाचत नाही. शिवाय इतकं कमी अंतर इंजिनालाही मानवत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

खर्चाचं म्हणाल तर पेट्रोलची बचत खरी असते, पण टायर, चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं), ऑइल, विमा आणि अंगावरचं साहित्य धरल्याशिवाय तो आकडा पूर्ण होत नाही. मायलेज मोजायची भरवशाची पद्धत एकच. टाकी काठोकाठ न भरता नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, टाकी बरीच रिकामी झाली की त्याच पद्धतीने पुन्हा भरा आणि चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. तीन-चार वेळा केल्यावर सरासरी हाती येते. हा आकडा अचानक घसरला तर आधी टायरची हवा, मग ब्रेक घासतोय का, आणि मग एअर फिल्टर बघा. इंजिन उघडायची वेळ क्वचितच येते.

रस्ता आधी ठरवा

नकाशा सर्वांत जलद रस्ता सुचवतो, तो दुचाकीसाठी सर्वांत चांगला असेलच असं नाही. कमी चौक, कमी अवजड वाहनं आणि बरा डांबरी पृष्ठभाग असलेला रस्ता तीन-चार मिनिटं लांबचा पडला तरी तोच घ्यावा. दुसऱ्या वाहनाशी होणाऱ्या मोटारसायकलच्या अपघातांपैकी बरेच चौकात होतात: समोरचा किंवा बाजूचा चालक वळतो आणि त्याला मोटारसायकल दिसलेलीच नसते. सुट्टीच्या दिवशी एक फेरी मारून खड्डे, लोखंडी झाकणं, वाळू साचणारी वळणं आणि वाटेतली पंक्चरची दुकानं हेरून ठेवा. वेळेचा अंदाज मात्र कामाच्या दिवशीच्या फेरीवरूनच बांधायचा.

लॅपटॉप आणि बाकीचं ओझं

पाठीवरची सॅक सोयीची, पण त्यात पाच-सहा किलोंपेक्षा जास्त वजन झालं की खांदे आणि मान दुखू लागतात, आणि अचानक ब्रेक लावल्यावर ते वजन अंगावर पुढे येतं. छातीवरचा आणि कमरेचा पट्टा लावला तर फरक पडतो. लॅपटॉप पाठीवरच बरा, कारण खड्ड्यांचे धक्के शरीर बऱ्यापैकी झेलतं. सीटच्या मागे घट्ट बांधलेल्या पेटीत तेच धक्के थेट पोचतात, म्हणून तिथे लॅपटॉप ठेवायचा तर खाली जाड फोम हवा. निघण्यापूर्वी लॅपटॉप स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. स्लीपमधला लॅपटॉप बंद सॅकमध्ये जागा झाला तर तापतो, आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती चालू असताना बसलेला हादरा तिला महागात पडतो.

डबा, पाण्याची बाटली, चार्जर, कुलूप असं जड सामान खाली आणि सीटच्या जवळ बांधावं. ते जितकं उंच आणि मागे जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगायला लागतं. टॉप बॉक्सवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. हँडलला पिशवी अडकवायची नाही. वळताना ती टाकीत आणि हँडलमध्ये अडकते, कधी क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल ओढते. हूकवाले लवचिक पट्टेही शक्यतो टाळा. हूक निसटला तर तो सरळ डोळ्याकडे येऊ शकतो, आणि सुटलेलं टोक मागच्या चाकात गुंडाळलं की चाक जागच्या जागी अडकतं. बकलवाला सपाट पट्टा वापरा आणि उरलेलं टोक गुंडाळून बांधा. ओढणी, लांब स्कार्फ, बुटांच्या सुटलेल्या नाड्या यांनाही हाच नियम. नाडी गिअरच्या पट्टीत अडकली तर सिग्नलला पाय वेळेवर खाली टेकत नाही.

ऑफिसच्या कपाटात जोडभर मोजे, एक टी-शर्ट, छोटा टॉवेल आणि कंगवा कायम ठेवा. ऑफिसचे बूटही तिथेच ठेवता आले तर उत्तम, म्हणजे गाडीवर घोटा झाकणारे जाड बूट घालता येतात.

हेल्मेट प्रमाणित, तोंड झाकणारं आणि मापाचं हवं. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि हेल्मेट हलवलं तर डोक्याची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावूनही मागून उचलल्यावर हेल्मेट पुढे निघून येत असेल तर ते मोठं आहे. आरशावर अडकवून ठेवू नका, त्याने आतला धक्का शोषणारा थर दबतो. काच पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

रोजच्या कमी अंतराने गाडीचं काय होतं

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लांबच्या प्रवासाने गाडी झिजते आणि रोजच्या चार-पाच किलोमीटरने नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात इंजिन पुरतं तापायच्या आत बंद झालं की ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधट मलईसारखा थर दिसला तर तो बहुधा याचाच असतो. थर लांब फेरीनंतरही जात नसेल तर कारण वेगळं असू शकतं, मेकॅनिकला दाखवा. उपाय दोन: आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवा, आणि ऑइल बदलताना किलोमीटरबरोबर महिनेही मोजा. पुस्तिकेत दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात, जी आधी येईल ती पाळायची.

ऑइलचा ग्रेड पुस्तिकेप्रमाणेच घ्या, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं आहे ना हेही बघा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू लागतो: इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही.

बॅटरीचंही तसंच. सेल्फ स्टार्टरने खाल्लेली वीज छोट्या फेरीत भरून निघत नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये यायला हवं. ते वाढत नसेल तर नवी बॅटरी घेण्याआधी चार्जिंगची बाजू तपासून घ्या.

चेन उघडी असेल तर दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तेल द्यावं. घरी आल्यावर, चेन कोमट असताना, इंजिन बंद करून मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने तेल सोडा आणि जादाचं फडक्याने टिपा. रात्रभरात ते आत मुरतं. सकाळी निघताना लावलेलं तेल रिमवर आणि पँटवर उडतं. इंजिन गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसायची नाही. अशाने बोटं जातात. मळ काढायला रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो. रबरी ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका.

ढिलाई खालच्या पट्ट्यावर, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध मोजायची. वर-खाली मिळून २० ते ३० मिमी हा नेहमीच्या गाड्यांचा अंदाज. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताणलेली असेल तिथला आकडा धरा. माणूस बसला की चेन आणखी ताणते, म्हणून जरा जास्त घट्ट केलेली चेन जरा सैल चेनपेक्षा वाईट. ती गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. जुळवताना मागच्या ॲक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, दोन्हीकडच्या खुणा जुळल्याची खात्री करा, नट आवळा आणि पुन्हा मोजा. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकच्या पेडलची ढिलाईही बदलते. तीही लगेच जुळवा, ब्रेक लाइट योग्य वेळी लागतो का तेही पाहा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटसह सेट बदलावा, नाहीतर जुने दात नवी चेन लवकर संपवतात.

टायरची हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना तपासा. चालवून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी भरलेला राहतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो वाटेत उपटू नका, सावकाश दुकानापर्यंत जा.

रस्त्यावर आणि पावसात

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर बोट पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. पुढच्या वाहनापासून कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंद, ओल्यावर चार सेकंद अंतर ठेवा. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्यात न आवळता आधी हलका आणि मग वाढवत दाबायचा. ट्रकचा आरसा दिसत नसेल तर ट्रकवाल्याला तुम्हीही दिसत नाही. सिग्नलला थांबल्यावर मागचं वाहन थांबेपर्यंत पहिला गिअर ठेवा, नजर आरशात आणि पाय ब्रेकवर. ते थांबलं की न्यूट्रल.

पाऊस सुरू झाल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत घसरडी, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबा. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि रूळ ओलांडताना गाडी सरळ ठेवा; त्यांच्यावर वळण किंवा ब्रेक नको. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवून घ्या.

रेनकोट पँट-जॅकेट असा दोन भागांचा घ्या. पँटचे पाय बुटांच्या बाहेर आणि बाह्या हातमोज्यांच्या वरून, नाहीतर ओघळणारं पाणी आत उतरतं. सॅकला आपलं आवरण असलं तरी लॅपटॉप आत वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा, कारण पाणी पाठीकडच्या बाजूने झिरपतं. संध्याकाळी अंधारात परतायचं असेल तर हेल्मेटची गडद काच सॅकमध्ये टाका आणि पारदर्शक काच चढवा.

गाडी लावताना

चढावर पुढचं चाक वरच्या दिशेने, पहिल्या गिअरमध्ये, मग साइड स्टँड. उन्हाने तापलेल्या डांबरात स्टँड रुततो आणि दुपारी गाडी आडवी होते. खाली सपाट फळीचा किंवा पत्र्याचा तुकडा ठेवा. हँडल लॉकबरोबर डिस्क लॉक लावत असाल तर त्याची रंगीत आठवण-दोरी हँडलला अडकवा, कारण कुलपासकट गाडी पुढे घेतली तर डिस्क आणि कॅलिपर दोन्ही जातात. कव्हर सायलेन्सर निवल्यावरच टाका, नाहीतर ते वितळून त्याला चिकटतं.