सोलापूरहून दोन दिवसांची मुंबई

शनिवार-रविवार मुलांना मुंबई दाखवायची असेल, तर शुक्रवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा आणि रविवारी रात्री तिनेच परत या. दोन्ही रात्री गाडीत जातात, लॉजचा खर्च एकाच रात्रीचा. आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. सुट्ट्यांच्या हंगामात पहिल्याच दिवशी काढा.

माझं ठाम मत आहे की एका दिवसात मुंबईचा एकच भाग घ्यावा. गेटवे, जुहू, सिद्धिविनायक सगळं एका दिवसात कोंबलं, की अर्धा दिवस रस्त्यातच जातो आणि मुलं रडकुंडीला येतात. शनिवारी दक्षिण मुंबईतच राहा. सीएसएमटीची इमारत उतरल्या उतरल्याच पाहून घ्या, ती जागतिक वारसा आहे. मग म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

रविवारी सकाळीच गेटवेवरून घारापुरीची बोट. एका बाजूला तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर घारापुरीऐवजी भायखळ्याची राणीची बाग बरी, सावली आणि बसायला बाकं मिळतात. सुट्टी जोडून जात असाल तर एवढं बघा: घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉकही (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो, आदल्या दिवशी वेळा पाहून ठेवा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र घरूनच न्या, दोन्ही दिवस टिकतात.